बार्नेट कॅपलनने सोडवलेली पोरं

सॉल्टर्सबीत पहिलटकरणीला मुलगा झाला की शेजारणी बाळाचं वजन नंतर विचारत. आधी विचारत, "बार्नेटला कळवलंत का?"

पहिलं अपत्य मुलगा असेल तर तो मुळात देवाच्या मालकीचा, अशी तिथल्या ज्यू मंडळींची फार जुनी रीत. महिना उलटला की बापाने कोहेनाला चांदीची पाच नाणी द्यायची आणि स्वतःचाच मुलगा स्वतःच्याच घरी सोडवून न्यायचा. कोहेन म्हणजे पुरोहिताच्या कुळातला माणूस. अभ्यास करून रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होता येतं, कोहेन होता येत नाही. ते बापाकडून मुलाला येतं, नाकासारखं. इंग्लंडच्या समुद्राकाठच्या त्या गारठलेल्या गावात ज्यूंची साठ-सत्तर घरं. ब्रॉडी होते, लेविन होते, एकमेकांशी न बोलणारे तीन गोल्डबर्ग होते, पण कोहेनाचं घर एकच, कॅपलनांचं. बाप वारल्यापासून गावातलं प्रत्येक पहिलं पोर सोडवलं ते बार्नेटने.

एरवी तो गाद्या विकायचा. हाय स्ट्रीटवर त्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या काचेमागे एक गादी कायम मांडलेली असे. दुपारी जेवण झालं की बार्नेट तिच्यावर आडवा होई. रस्त्याने जाणाऱ्यांना त्याचं भलंमोठं पोट संथपणे वरखाली होताना दिसे. एवढी चांगली जाहिरात त्याने कधीच मुद्दाम केली नव्हती, पण गाद्या मात्र तिच्यावरच खपायच्या.

सोडवणुकीच्या दिवशी मात्र हाच माणूस काळा सूट घालून असा काही ताठ बसे की त्याच्या गिऱ्हाइकांनी त्याला ओळखलं नसतं. चांदीच्या तबकात बाळाला ठेवून आणत. घरातल्या बायका आपापल्या माळा नि साखळ्या उतरवून त्याच्या अंगावर घालत, तबकात भोवतीने लसणाच्या पाकळ्या आणि साखरेचे खडे पेरत. मग बार्नेट बापाला विचारी, "बोल, काय पाहिजे? हा मुलगा, की ही पाच नाणी?" बापाने म्हणायचं, "मुलगा." बस, नाणी द्यायची, मुलगा घ्यायचा आणि सगळ्यांनी जेवायला बसायचं. लसूण आणि साखर पाहुणे घरी नेत, कुणी सुपात टाकी, कुणी चहात, म्हणजे न आलेल्यांच्याही पोटात सोडवणूक जाई. जेफ्री लेविनच्या पोराला पोटदुखी होती आणि जेफ्री महिनाभर झोपला नव्हता. त्याने त्या प्रश्नावर "जरा विचार करू द्या" म्हटलं होतं. त्याच्या बायकोने त्याच्याकडे जे पाहिलं त्याची गावात अजून नक्कल करून दाखवतात.

'सोडवणं' हा शब्द सॉल्टर्सबीत असा रुळला होता की तो कशालाही लावत. नवरा गुत्त्यात जास्त वेळ बसला की सासू सुनेला म्हणे, "जा, सोडवून आण तुझं रत्न." धोब्याकडून चादरी आणायच्या त्याही सोडवूनच. बार्नेटला त्याची गंमत वाटे आणि थोडा अभिमानही. आपण गेलो तर गावाचं काय होईल, असं तो अधूनमधून उगाच म्हणून बघे, कुणीतरी "छे छे" म्हणावं म्हणून.

अशा माणसाच्या सुखात माशी शिंकली ती १९६८च्या हिवाळ्याच्या तोंडाशी.

शेजारच्या गाळ्यात थेल्मा फ्रीड लोकरीचं दुकान चालवायची. पाच वर्षांपूर्वी ती गावात आली होती. साठीला टेकलेली, जिभेने तिखट आणि डॉमिनो खेळताना कसलीही दयामाया न दाखवणारी बाई. बार्नेटची बायको मिनी जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोन्ही दुकानांची दारं एकदमच बंद होत आणि ही जोडी धक्क्यावर फेरी मारायला निघे, व्हिनेगर शिंपडलेल्या बटाट्यांचा एकच पुडा दोघांत. साठी बुद्धी नाठी म्हणतात, बार्नेटची तर सत्तरी उलटलेली. एका संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला तो थांबला.

"थेल्मा, तू मला आवडतेस."

"ते समुद्रातल्या माशांनाही माहीत आहे. पुढे बोल."

"पुढेच तर घोडं पेंड खातंय. मी कोहेन. कोहेनाला घटस्फोट झालेली बाई करता येत नाही."

"आणि विधवा?"

"विधवा चालते."

"बघ की! माझा मेला नवरा घटस्फोटानंतर दोनच वर्षांनी वारला. मी जरा कळ काढली असती तर आज तुला चालले असते."

"थट्टा करू नकोस गं."

"मग रडू? सरकारी कचेरीत जाऊ, सही करू, साक्षीदार म्हणून त्या बटाटेवाल्याला घेऊ."

सरकारी कचेरीत लग्न लावलं की सिनेगॉगात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, बार्नेटला कोहेन म्हणून कुणी उभं करणार नव्हतं आणि गावातली पोरं कुणी सोडवायची हा प्रश्न उभा राहणार होता. खरं सांगायचं तर त्याहूनही मोठी एक गोष्ट होती. तो मान त्याला फार आवडायचा. गाद्या काय, कुणीही विकतं.

थेल्माने उरलेले बटाटे कबुतरांना टाकले. "माझी लेक ब्रायटनला बोलावतेय. थंडी आहे तोवर लोकर खपेल, मग मी दुकान मोडणार. तोवर तुला काही सुचलं तर सांग. नाही सुचलं तर पत्र पाठव, मी मोठ्याने वाचून हसेन." एवढं बोलून ती एकटीच भरभर घराकडे निघाली. ती हसत नव्हती हे बार्नेटला पाठीवरूनही कळलं.

जानेवारीत तो लीड्सला गेला. तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात त्याची येटा आत्या होती, नव्वदी ओलांडलेली, कॅपलनांच्या त्या पिढीतली एकटीच उरलेली. दुःख सांगायला माणूस आत्याकडेच जातो. आत्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याला आपलं प्रेमप्रकरण सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावं लागलं. सांगून संपलं आणि आत्या हसायला लागली. अशी हसली की नर्स पाणी घेऊन धावली.

"अरे गाढवा, मग तुझी आई कोण होती?"

"कोण म्हणजे? माझी आई."

"सोडलेली बाई होती! टोप्या शिवणारा जोसेल नव्हता का, त्याची पहिली बायको. सतरा वर्षांची दिली होती, वर्षात रीतसर फारकत घेऊन बाहेर पडली. मग तुझ्या बापाने तिला पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. इथला रब्बी लग्न लावीना, म्हणून गेले लिव्हरपूलला. तिथे कुणी काही विचारलं नाही. मग सॉल्टर्सबी. तिथेही कुणी विचारलं नाही."

"म्हणजे आत्या, मी..."

"तू कसला कोहेन? कोहेनाने सोडलेली बाई केली की पोरगा कोहेन राहत नाही. हे पुरोहितबुवांना मी सांगायचं?"

"सत्तर वर्षं बोलली नाहीस!"

"तुझ्या बापाने शपथ घातली होती. तो गेला, ती गेली, माझंही आज ना उद्या. शपथ मोडायची तर आता नाही मोडायची तर कधी?" तिने त्याचा गाल कुस्करला, तो लहान असताना कुस्करायची तसाच. "जा, कर लग्न. तुझ्या आईसारखं गोड माणूस मी दुसरं पाहिलं नाही."

परतीच्या गाडीत बार्नेट एकटाच हसत बसला होता. एवढं सोपं होतं तर! तो कोहेन नव्हता, कधीच नव्हता, थेल्मा त्याला चालत होती, अगदी पोथीप्रमाणे चालत होती. डार्लिंग्टनला एक बाई तान्हं मूल घेऊन समोर बसली. बार्नेटने सवयीने विचारलं, "पहिलंच का?" आणि तो प्रश्न तोंडातून बाहेर पडताच त्याला सगळा हिशोब लागला.

तो कोहेन नव्हता, तर मग तबकात घालून त्याच्यापुढे आणलेलं एकही पोर सुटलेलं नव्हतं. टॅक्सीवाला सिडनी ब्रॉडी, दातांचा डॉक्टर मेल्विन, जेफ्रीचा तो पोटदुख्या. त्यातले काही टक्कल पडलेले, काही परगावी गेलेले, सगळेच्या सगळे अजून देवाकडे अडकलेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली त्याची. सांगावं तर मान जातो, गावाची पोरं उघडी पडतात, आणि कबरीतल्या आईचं नाव शंभर तोंडांत जातं. न सांगावं तर थेल्मा ब्रायटनला जाते. बापाने मान आणि बाई दोन्ही पदरात पाडून घेतलं होतं. बार्नेटला बापाचा भयंकर राग आला आणि तेवढाच हेवाही वाटला.

दुसऱ्या दिवशी तो लोकरीच्या दुकानात गेला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. थेल्माच्या सुया थांबल्या.

"किती पोरं असतील?"

"मोजली नाहीत. एक बस भरेल."

"आणि माझ्यासाठी तू बसभर पोरांच्या आयांना हे सांगणार? नको, बार्नी. गाव म्हणेल, थेल्मा आली आणि तिने कॅपलनांचं घराणं उसवून ठेवलं. मी जाते मुकाट्याने. तू राहा कोहेन."

"कसा राहू?" बार्नेट लोकरीच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. "लेविनांच्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत. मुलगा झाला तर ती तबक घेऊन माझ्याकडेच येणार. मी काय विचारू तिच्या नवऱ्याला? काल सकाळपर्यंत मी अजाण होतो. आज मला माहीत आहे, थेल्मा. तू ब्रायटनला गेलीस तरी मला हे सांगावंच लागणार आहे. फक्त मग मी एकटा असेन."

थेल्माने विणकाम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "ऊठ, माझी चांगली लोकर चेपतोयस. सांग जाऊन. पण आधी पोरांबद्दल सांग, माझं नाव शेवटी घे."

रब्बी पिंकस तरुण होते आणि संशयी. त्यांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. "मिस्टर कॅपलन, सगळ्या गावाला तुमची संध्याकाळची फेरी ठाऊक आहे. हे फार सोयीस्कर नाही का?"

"रब्बी, सोयीसाठी खोटं बोलायचं असतं तर मी गप्प बसून कोहेनच राहिलो असतो आणि तुम्ही मला चांगला म्हणाला असतात."

तरी रब्बींनी लंडनला कळवलं, लंडनच्या पंडितांनी लीड्सला माणूस पाठवला. आत्याने त्यालाही हसत हसत सगळं सांगितलं. जोसेलच्या नातवंडांकडे तर ती हकिगत प्रत्येक लग्नात जेवणानंतर सांगायची पद्धतच होती. एका कोहेनाने आमच्या आजोबांची बायको पळवली, असं थोडं तिखटमीठ लावून. तीन आठवड्यांत निकाल आला. बार्नेट कॅपलन कोहेन नव्हता.

शनिवारी प्रार्थना संपल्यावर बार्नेट स्वतःच चौथऱ्यावर चढला. आधी पोरांचं सांगितलं, मग आईचं, आणि शेवटी थेल्माचं. मग म्हातारे लेविन उठले.

"तुझ्या बापाने आम्हाला फसवलं."

"हो, फसवलं," बार्नेट म्हणाला. "मलाही फसवलं. पण लोकांनी नको म्हटलं तरी त्याने माझ्या आईला सोडलं नाही, आणि त्याच्यावर मला राग धरता येत नाही. महिनाभर प्रयत्न करून बघितला."

लेविन उभेच राहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून सिडनी ब्रॉडीचा आवाज आला, "बार्नीकाका, म्हणजे मी अडतीस वर्षं अजून गहाणच आहे?"

"आहेस, बाबा."

वरच्या सज्जात बायका बसत. तिथून सिडनीची आई फॅनी ओरडली, "तरीच! तरीच या पोराचं काही धड होत नव्हतं!"

आणि सिनेगॉगात असा हशा पिकला की रब्बींनाही आवरेना. लेविन हसले नाहीत, पण खाली बसले. बाहेर पडताना त्यांनी बार्नेटला विचारलं, "आता सुनेला मुलगा झाला तर काय करायचं?" म्हणजे राग निम्मा उतरला होता.

करायचं काय ते पुढच्याच महिन्यात एका रविवारी झालं. बाप जिवंत असो वा नसो, सोडवायचा राहून गेलेला माणूस मोठेपणी स्वतःच स्वतःला सोडवून घेऊ शकतो. न्यूकॅसलहून लायोनेल काट्झ नावाचा खराखुरा कोहेन बोलावला. तो बसचा कंडक्टर होता. पाळी संपवून थेट आल्यामुळे अंगात गणवेश होता आणि चेहऱ्यावर बारा तासांचा वैताग. सिनेगॉगाच्या दालनात पोरांची रांग लागली. पोरं कसली, बाप्येच. मँचेस्टर, हल, एक तर थेट डब्लिनहून आलेला. काट्झने रांगेकडे पाहिलं आणि सवयीने हाळी दिली, "सरका, आत सरका! दारात उभं राहू नका!"

फॅनी ब्रॉडीने आपली मोत्याची माळ सिडनीच्या गळ्यात घातलीच. चांदीचं तबकही आणलं होतं. सिडनी काही त्यात मावेना, म्हणून त्याने एक पाय आत ठेवला. मेल्विन डॉक्टरने नाणी दिल्यावर दबक्या आवाजात विचारलं, कोहेन कधीकधी ती परत भेट देतात म्हणे? काट्झ म्हणाला, "तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत." रांगेत पुन्हा हसू फुटलं. एकेक जण सुटत गेला आणि त्यांच्या आया, काही काठी टेकत आलेल्या, दुसऱ्यांदा रडल्या. थेल्मा दारापाशी उभी राहून लसूण आणि साखर वाटत होती. बार्नेट कोपऱ्यात बसला होता. त्याला यायचंच नव्हतं, थेल्माने ढकलून आणलं होतं. जाताना प्रत्येक जण त्याच्याशी हस्तांदोलन करून गेला. डब्लिनवाल्याने तर त्याचा मुकाच घेतला.

लग्न मार्चमध्ये लागलं, रब्बी पिंकसांनीच लावलं. थेल्माने दुकान मोडलं नाही, मधली भिंत तेवढी मोडली.

राहता राहिला वल्हांडणाचा सण. या मोठ्या सणाला कोहेन चौथऱ्यावर उभा राहून सगळ्या मंडळीला आशीर्वाद देतो आणि सॉल्टर्सबीत आता कोहेन नव्हता. बार्नेट स्वतः न्यूकॅसलच्या बस आगारात गेला आणि काट्झला म्हणाला, "सणाला आमच्याकडे राहायला या. माझ्यामुळे गाव आशीर्वादाविना राहायला नको." काट्झने कुरकुर केली, पण दुकानातली सगळ्यात महाग गादी झोपायला मिळेल म्हटल्यावर आला. पहिल्या दिवशी सकाळी त्याने सिनेगॉगात बूट काढले, चौथऱ्यावर चढला, प्रार्थनेची पांढरी शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि तिच्याखाली हात पसरले.

खाली सगळे बाप आपापल्या पोरांना स्वतःच्या शालीखाली घेऊ लागले. तो आशीर्वाद शालीखाली, मान खाली घालूनच घ्यायचा असतो. बार्नेटला कुठे उभं राहावं कळेना. लहानपणापासून तो त्या चौथऱ्यावरच उभा राहिला होता, आधी बापाचं बोट धरून, मग बापाच्या जागी. खालून हे कसं दिसतं ते त्याला माहीतच नव्हतं. कुणाच्या शालीखाली तो आयुष्यात कधी गेला नव्हता. एवढा मोठा माणूस बाकाजवळ चुकल्यासारखा उभा राहिला. वरच्या सज्जातून थेल्मा बघत होती आणि तिचा जीव तुटत होता.

मग शेजारच्या रांगेतून सिडनी ब्रॉडी आला. एका बगलेत त्याची सहा वर्षांची लेक होती. त्याने शालीचं दुसरं टोक उंच धरलं आणि हळूच म्हणाला, "या, बार्नीकाका. वाका जरा."

बार्नेट वाकला. आत अंधूक उजेड होता, डांबराच्या गोळ्यांचा आणि तंबाखूचा वास होता, आणि सिडनीची लेक त्याच्या पायावर पाय देऊन उभी होती. वरून काट्झचा घोगरा आवाज आला. ते शब्द बार्नेटला झोपेतही पाठ होते, हजारदा त्याने ते दुसऱ्यांना दिले होते, पण आज पहिल्यांदाच ते त्याच्याकडे येत होते. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. बार्नेटला रडू आवरलं नाही आणि त्याने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. आशीर्वाद थांबला की खालच्यांनी आमेन म्हणायचं असतं. तेवढं त्याच्या अंगवळणी नव्हतं. पोरीने त्याला कोपर मारलं आणि कुजबुजली, "काका, आता आपण म्हणायचं."

"आमेन," बार्नेट म्हणाला.